कापलेलं गवत घोड्यापुढे की उकिरड्यावर?

सोलापुरात घोडा ठेवणाऱ्याला गवताची अडचण दोनदा येते. एकदा गवत नसतं तेव्हा, आणि एकदा ते फार होतं तेव्हा. पहिली अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यासाठी कडबा भरून ठेवायची इथली रीतच आहे. दुसरी मात्र दरवर्षी नव्यानं आल्यासारखी येते. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा म्हणावा असा पडतो तो उत्तरा-हस्तात. जुलैत जेमतेम हिरवी झालेली पड सप्टेंबर संपता संपता गुडघाभर वाढते. मग कुणाचा तरी ब्रशकटर मागून आणतात, दोन तासांत पॅडॉक साफ होतो आणि कुंपणाच्या कोपऱ्यात ओल्या गवताचा ढीग उभा राहतो. घोडा समोर, गवत हिरवंगार. खाईल की, असं म्हणून ढीग तिथंच सोडला जातो.

त्या ढिगापासूनच सुरुवात करू, कारण पॅडॉकमधल्या गवताच्या साऱ्या चुकांत हीच सर्वांत महागात पडते.

चरणारा घोडा गवत दातांनी तोडतो, चावतो, त्यात लाळ मिसळते, तो एक पाऊल पुढं टाकतो आणि पुन्हा मान खाली घालतो. दिवसातले बारा-चौदा तास हे असंच चालतं. त्याचं जठर शरीराच्या मानानं लहान, दहा-पंधरा लिटरचं. थोडं थोडं, सतत आणि नीट चावून खाणाऱ्या जनावराचं ते जठर आहे. ढिगासमोर उभा राहिला की हा सगळा क्रम मोडतो. यंत्रानं गवत आधीच बारीक केलेलं असतं, त्यामुळे चावायचं काम उरत नाही. घोडा घासामागून घास गिळत सुटतो. ओला लगदा अन्ननलिकेत अडकू शकतो. पुढं गेलाच तर जठरात आणि मोठ्या आतड्यात भराभर आंबतो, वायू धरतो. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणजे चुकून आत गेलेलं बाहेर टाकायची वाटच नाही. याचा शेवट पोटशूळात होतो. आणि आतड्यातली आम्लता फार वाढली तर पोट बरं झाल्यावरही दुखणं पायात उतरतं. खुराच्या आतल्या थरांना सूज येते, पशुवैद्य त्याला लॅमिनायटिस म्हणतात. असा घोडा पुढच्या पायांवर भार घेत नाही, मागं रेलून उभा राहतो, आणि हात लावला तर खूर गरम लागतात.

ढीग स्वतःही आंबत असतो, ते वेगळंच. सकाळी रचलेल्या ओल्या ढिगात संध्याकाळी कोपरापर्यंत हात घालून पाहा. वरचं गवत थंड आणि हिरवं असतं. वीतभर आत ऊब लागते, आणखी आत चांगलाच चटका बसतो आणि हाताला आंबूस वास येतो. दुसऱ्या दिवशी आतला रंग पिवळट-काळा पडतो, तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी दिसते. हे गवत गाईपुढेही टाकू नये, घोड्यापुढे तर नाहीच. ब्रशकटरनं कापलेल्या गवतात नायलॉन दोऱ्याचे तुकडे आणि उडालेले खडे येतात, तेही ध्यानात ठेवा.

इथं एक शंका हमखास निघते. आमच्या आजोबांनी टांग्याच्या घोड्याला जन्मभर कापलेलंच गवत घातलं, मग आताच काय झालं? आजोबांचं बरोबर होतं. ते विळ्यानं कापलेलं, हातभर लांब काडीचं गवत असे, पेंढी बांधून आलेलं, मोकळं आणि हवा लागलेलं. ते घोड्याला ओढून, चावून खावं लागे आणि त्याच दिवशी संपत असे. आजही विळ्यानं कापलेलं ताजं गवत त्याच दिवशी, पसरून, दोन-तीन वेळांत विभागून खुशाल घाला. वाईट आहे तो बारीक, ओला आणि दाबून पडलेला ढीग. कडबाकुट्टी यंत्राचीही तीच गोष्ट: गाईसाठी लावलेली अर्ध्या इंचाची कुट्टी घोड्याला नको. पाती बदलून तुकडा दोन-तीन इंचांचा ठेवा, नाहीतर ओली वैरण सरळ अख्खीच घाला.

पोटात कळ उठलेला घोडा वरचेवर कुशीकडे बघतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो, बसतो-उठतो, लोळतो, घाम सोडतो. असं दिसताच वैरण उचला आणि पशुवैद्यांना फोन करा. तोवर घरचा काढा किंवा तेल बाटलीनं तोंडात ओतू नका. ते फुफ्फुसात उतरलं तर एका दुखण्याची दोन होतात.

बंगल्याच्या, हॉटेलच्या नाहीतर मंगल कार्यालयाच्या लॉनचं गवत कुणी प्रेमानं आणून दिलं, तर हात जोडून नाही म्हणा. त्यात फवारणीचं औषध असू शकतं, आणि त्याहून मोठी भीती कुंपणाच्या छाटणीची. कण्हेर सोलापूरच्या रस्त्यांवर, दुभाजकांवर आणि आवारांत सगळीकडे आहे. ती उन्हाला दाद देत नाही म्हणूनच लावतात. तिची मूठ-दोन मूठ पानं घोड्याला संपवायला पुरतात, आणि वाळल्यानंही विष जात नाही. पिवळी कण्हेर, एरंड, धोतरा, घाणेरी यांचंही तसंच. उभी असताना जनावर वासानं किंवा चवीनं यांतल्या बऱ्याच झाडांना तोंड लावत नाही. कापून, कोमेजून गवतात मिसळली की ओळखू येत नाहीत. म्हणून पॅडॉकमध्ये यंत्र फिरवण्याआधी एक फेरी खुरपं घेऊन मारा. धोतरा आणि गाजर गवत मुळासकट उपटून बाहेर काढा, गाजर गवत फुलोऱ्यावर यायच्या आत आणि हातमोजे घालून.

आता गवत कापायची वेळ का येते ते पाहू, कारण नीट चारलेल्या पॅडॉकला यंत्र फार कमी लागतं.

गाय जिभेनं गवत ओढते. घोड्याला वरखाली दोन्हीकडे पुढचे दात असतात, त्यामुळे तो कात्रीसारखं जमिनीलगत कातरतो. शिवाय तो निवडून खातो. आवडीची जागा रोज, पार मुळापर्यंत. आणि जिथं लीद टाकली तिथलं गवत तोंड न लावता सोडून देतो. महिनाभरात एकाच पॅडॉकमध्ये दोन पॅडॉक होतात: अर्धा टकला, अर्धा जंगल. टकल्या भागात घोडा मुळं आणि माती खातो, ती माती आतड्यात साचते. जंगलात गवत निबर होऊन आडवं पडतं.

उपाय जुनाच आहे: जागेचे तुकडे पाडा. एक एकर असेल तर वीजतारेच्या साध्या कुंपणानं चार भाग करा. काटेरी तार घोड्यासाठी वापरू नका, बिथरलेला घोडा त्यात पाय चिरून घेतो. गवत वीतभर झालं की घोडा आत, चार बोटं उरलं की बाहेर. पावसाळ्यात त्या तुकड्याला तीन-चार आठवडे विश्रांती द्या. पाऊस ओढला तर दिवस मोजू नका, पुन्हा वीतभर होईपर्यंत थांबा. घोडा बाहेर काढल्यावर मागं राहिलेली उंच झुडपं चार-सहा बोटांवर कापा. हीच खरी छाटणी. निघालेलं गवत थोडं असेल तर दाताळ्यानं पातळ पसरा, उन्हात दोन दिवसांत त्याचं पाचट होईल. फार असेल तर उचलाच. दोन्ही वेळा घोडा त्या तुकड्यात नको.

उन्हाळाभर कडब्यावर राहिलेल्या घोड्याला पहिल्या हिरव्या गवतावर एकदम सोडायचं नाही. आधी सुकी वैरण पोटभर, मग अर्धा तास चराई, आणि पुढं दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं. इंग्लंड-आयर्लंडची पुस्तकं वसंतातल्या गोड गवताची फार भीती घालतात. त्या थंड हवेच्या गवतांत साठणारी साखर वेगळी, आपली हरळी-मारवेल उष्ण प्रदेशातली. ती भीती इथं जशीच्या तशी लागू नाही. पण आतड्यातल्या जिवाणूंना नव्या वैरणीची सवय व्हायला लागणारे दिवस तिथंही तेवढेच आणि इथंही.

काळी जमीन असेल तर आणखी एक पथ्य. कपाशीची ही माती भिजली की फुगते, खुराला चिकटते, आणि तिच्यावर साडेतीनशे किलोचं जनावर फिरलं की गवताचे ठोंब चिखलात गाडले जातात. पेरणीला आपण वाफसा पाहतो, घोडा सोडतानाही तसाच पाहावा. टाच रोवून बघा. दोन बोटांपेक्षा खोल गेली तर आज पॅडॉक बंद. अशा दिवसांसाठी पागेला लागून मुरूम टाकलेला एक लहान वाडा हवाच. पॅडॉक कितीही मोठा असो, मी पहिला खर्च या मुरमावर करायला सांगेन. चिखलात उभं राहून खुरांची बाहुली सडते ती वेगळीच.

लीद आठवड्यातून दोनदा तरी पॅडॉकमधून उचला. जंतांच्या अळ्या लिदीतून गवतावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात. हे चक्र तोडायला घमेलं आणि फावडं औषधाइतकंच कामाला येतं. लीद हटली की घोडा सोडून दिलेल्या जागीही तोंड लावू लागतो, म्हणजे आहे त्याच जागेत चराई वाढते. सगळी लीद उचलणं जमलंच नाही, तर ती फोडून पसरायची वेळ एप्रिल-मे. पारा ४२-४३ अंशांवर असताना पातळ पसरलेल्या लिदीत अळी टिकत नाही. पावसाळ्यात पसरलीत तर उलट साऱ्या गवतावर पेरणी केल्यासारखं होईल.

सांगोला, माळशिरस, मंगळवेढा या भागात मेंढपाळांचे कळप फिरतात. खत व्हावं म्हणून शेतात मेंढ्या बसवायची पद्धत आहेच. घोडा काढून घेतल्यावर तुकड्यात दोन दिवस मेंढरं घातली तर घोड्यानं टाकलेलं गवत ती साफ करतात, आणि घोड्याच्या बहुतेक जंतांच्या अळ्या मेंढीच्या पोटात जगत नाहीत. ब्रशकटरच्या पेट्रोलपेक्षा हा सौदा बरा.

गवत कोणतं असावं, यावर मात्र इथं मोठा गैरसमज आहे. दुधाच्या धंद्यामुळे बांधाबांधावर संकरित नेपियर म्हणजे हत्ती गवत उभं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत वाण पुष्कळांकडे असतो. गाईसाठी ते उत्तमच. म्हणून घोड्यालाही तेच. नेपियरमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं, आणि ते वैरणीतल्या चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला, बांधून टाकतं. गाईच्या पहिल्या पोटातले जिवाणू त्या ऑक्झलेटचा बराच निकाल लावतात. घोड्याला ती सोय नाही. त्याचं कॅल्शियम लहान आतड्यात शोषलं जातं आणि जिवाणूंचा कारखाना त्याच्या पुढं आहे. मग शरीर कॅल्शियम हाडांतून ओढतं. काही महिन्यांत घोडा आखडून चालतो, आज हा पाय तर उद्या तो लंगडतो, आणि पुढं जबडा-गालाची हाडं सुजून चेहरा रुंद दिसू लागतो. जोडीला गव्हाचा कोंडा असेल तर आणखी वाईट, कारण कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी थोडं. नेपियर आणि कोंडा हाच खुराक असलेले घोडे इथं कमी नाहीत.

नेपियर अजिबात नको असं नाही, पण तो एकटा नको. वैरणीचा चौथा-पाचवा हिस्सा लसूणघास ठेवा, त्यात कॅल्शियम मुबलक असतं. चुनखडीची भुकटी द्यायची तर प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. कोरडवाहू माळासाठी ज्याची नेहमी शिफारस होते ते अंजन गवत आणि ओढ्याकाठचं पॅरा गवत हेही ऑक्झलेटच्या यादीतले आहेत. उसाच्या वाढ्यांतही ऑक्झलेट असतं. गळिताच्या हंगामात वाढे या जिल्ह्यात फुकटाच्या भावानं मिळतात, तरी घोड्याची मुख्य वैरण म्हणून ते धरू नका; कडक, धारदार पातं पोटात गाठ करतं.

घोड्याच्या पॅडॉकसाठी मला मारवेल आणि हरळी ही जोडी पटते. मारवेलची काडी मऊ, पानोळा चांगला आणि ऑक्झलेटचा त्रास नाही. पावसाच्या सुरुवातीला ठोंब लावले की पुढची कित्येक वर्षं बघावं लागत नाही. हरळी टापांखाली टिकते. शेतकरी ज्या हरळीला जन्मभर शिव्या देतो ती इथं उपयोगी पडते. युरिया टाकायचाच तर हलका हात ठेवा आणि पुढचे तीनेक आठवडे घोडा आत सोडू नका.

आता वाळवणीचं. सप्टेंबरच्या वाढीला खरा न्याय वाळवूनच मिळतो. ३५० किलोच्या घोड्याला रोज सहा-सात किलो सुकी वैरण लागते, म्हणजे वर्षाला जवळजवळ अडीच टन. पाव-अर्ध्या एकराच्या पॅडॉकमधून ती निघणार नाही हे आधीच मान्य करा. पण दोन-तीन महिन्यांची बेगमी झाली तरी कडब्याच्या खर्चात फरक पडतो.

कापणी फुलोऱ्यात करा, बी धरण्याआधी. त्या वेळी काडीत सत्त्व असतं. कुसळीबाबत तर हे पक्कंच पाळा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या रस्त्यानं ऑक्टोबरात जाताना माळात चार पावलं टाकली तरी पायजमा कुसळांनी भरतो. तीच कुसळं वैरणीतून घोड्याच्या हिरड्यांत, जिभेखाली आणि डोळ्यांत रुततात. कुसळं धरल्यावर कापलेलं गवत अंथरायला वापरा, गव्हाणीत नको.

हस्त सरल्यावर तीन दिवसांचं कोरडं ऊन बघून सकाळी दव उडालं की कापा. पातळ पसरा आणि दुपारी एकदा उलटा. संध्याकाळी लहान लहान ढीग करून झाका, नाहीतर रात्रीचं दव सगळं पाण्यात घालवतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरा. ऑक्टोबरचं आपलं ऊन दोन-तीन दिवसांत काम पुरं करतं. एवढी चांगली वाळवणी थंड देशांच्या नशिबी नसते. काडी पिळली की कट्‌कन मोडली पाहिजे. खात्री नसेल तर एक सोपी परीक्षा आहे: कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर गवत बारीक कापून घाला, वर चमचाभर सुकं मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर गंजी रचायला हरकत नाही. गोळ्या झाल्या तर अजून ओल आहे. तसंच रचलंत तर गंजी आतून तापेल, बुरशी धरेल, आणि क्वचित पेटही घेते. गंजीखाली दगड किंवा फळ्या द्या, कारण आपल्याकडे पाण्याइतकीच वाळवीची भीती. बुरशीचा वास किंवा पांढरी धूळ असलेली पेंढी घोड्याला धाप लावते. ती पाण्यात बुचकळून बुरशी जात नाही, टाकूनच द्यावी.

उरलेलं वर्ष कडब्याचं. मालदांडीचा कडबा पानांनी मऊ म्हणून गाजलेला, आणि फेब्रुवारी-मार्चात काढणीच्या वेळी शेकड्याचा भाव उतरलेला असतो तेव्हाच वर्षाचा भरून घ्यावा. बुंध्याकडचा काळा पडलेला भाग तोडून टाका. कडब्यावरच्या घोड्याला पाणी कमी पडू देऊ नका, उन्हाळ्यात ४० लिटरही पितो. हिरवी ज्वारी मात्र वेगळी गोष्ट. गुडघ्याखालची कोवळी ज्वारी, पाण्याविना सुकलेली ज्वारी किंवा काढणीनंतर धसकटांतून आलेले फुटवे यांत विष असतं, ते गाय-बैलांना मारतं हे इथं पोरालाही ठाऊक आहे. घोड्याला हिरव्या ज्वारीवर आणखी एक दुखणं होतं: लघवीच्या पिशवीला सूज येते, लघवी ठिबकत राहते आणि मागचे पाय डुलायला लागतात. त्यामुळे घोड्याला हिरवी ज्वारी नकोच.

राहिलं ते कुजलेलं, निबर, कुसळांचं गवत. ते लिदीसोबत उकिरड्यावर जाऊ द्या, पण उकिरडा पॅडॉकबाहेर आणि पागेपासून दूर. ओल्या गवत-लिदीच्या मिश्रणावर चावऱ्या माश्या वाढतात आणि रक्त पिणाऱ्या माश्यांवाटे सरा हा रोग एका जनावरातून दुसऱ्यात जातो. गवत आणि लीद एकाआड एक थर देऊन पुरुषभर रुंदीचा ढीग करा, दर दोन-तीन आठवड्यांनी वर-खाली करा. आत चांगली ऊब धरली की जंतांची अंडी मरतात. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. ते डाळिंबाला घाला, ज्वारीला घाला, पॅडॉकला मात्र नको.

अकलूजच्या बाजारातून दिवाळीच्या सुमारास नवा घोडा आणणार असाल, तर विकणाऱ्याला दात आणि चाल विचारता तसंच तो काय खात होता हेही विचारा. पंजाब-राजस्थानकडून आलेलं जनावर बहुधा वेगळ्याच वैरणीवर वाढलेलं असतं. जमलं तर चार दिवसांची त्याची वैरण सोबत घ्या आणि आपली तिच्यात थोडी थोडी मिसळत जा. दोन-तीन आठवडे त्याला मुरमाच्या वाड्यातच बांधा, जंताचं औषध पाजा, आणि त्या दिवसांतली त्याची लीद वेगळी उचलून थेट ढिगाच्या मधोमध टाका. पॅडॉकचं फाटक त्यानंतरच त्याच्यासाठी उघडा, तेही पोटभर कडबा खाऊ घालून, अर्ध्या तासापुरतं.